बायप्लेन विकताय ना, मग कोनही छापा: मॉडेल किट बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

मॉडेल विमानांची किट आणि एआरएफ (जवळजवळ तयार, नुसती जोडायची विमानं) बनवणाऱ्या तमाम कंपन्यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्यातल्या एकाच कंपनीला लिहायचं होतं. तिने तिचं लाकडी एरोबॅटिक (हवेत कसरती करणाऱ्या) बायप्लेनचं, म्हणजे एकावर एक दोन पंखांच्या विमानाचं, किट बंद केलं, बरं केलं तर केलं, धंदा त्यांचा, पण त्याचा प्लॅनसुद्धा (बांधणीचं रेखाचित्र) विकणार नाही म्हणाली, आणि मी विचारलं की मग माझ्याकडच्या विमानाचा वरचा पंख उद्या मोडला तर मी काय करायचं, तर उत्तर आलं की आमच्याकडे त्याच साइजचं एकपंखी फोमचं मॉडेल आहे, ते बघा. उत्तर सभ्य होतं, शेवटी हसरा चेहराही होता. मग ओळखीतल्या इतर उडवणाऱ्यांशी बोललो तर कळलं की कंपनी वेगळी, मॉडेल वेगळं, रड मात्र सगळ्यांची तीच. म्हणून हे सगळ्यांनाच लिहितोय आणि उघडपणे लिहितोय, कारण खासगीत लिहिलं की तक्रारीला नंबर मिळतो आणि तिथेच विषय संपतो.

आधी माझा संबंध काय ते सांगतो. मी आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारी, विमानं उडवतो, त्यातही दोन पंखांचीच, आणि जमेल तेवढी स्वतः बांधून. लोकांना वाटतं जुन्या जमान्यातलं रूप आवडतं म्हणून. रूप आवडतंच, खोटं कशाला बोलू, पण फक्त तेवढ्यासाठी कोणी फील्डवर स्ट्रटचे (दोन पंखांमधल्या उभ्या आधारांचे) बारीक बारीक स्क्रू लावत बसणार नाही. दोन पंख असले की स्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) छोटा ठेवूनही क्षेत्रफळ भरपूर मिळतं, स्पॅन छोटा म्हणून रोल (अंगाभोवतीची गिरकी) झटपट होतो, आणि ड्रॅग (हवेचा विरोध) इतका असतो की नाक खाली करून सरळ सोडलं तरी विमान वेग धरत सुटत नाही, वर जातानाचा आणि खाली येतानाचा वेग बराचसा सारखा ठेवता येतो. एफथ्रीए, म्हणजे आरसी कसरतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धावर्गातल्या लोकांनाही हे कळलंय, तिथे विमान २ मीटर बाय २ मीटरच्या आत आणि ५ किलोच्या आत बसवावं लागतं, आणि त्याच मर्यादेत दुसरा पंख बसवून अनेक जण उतरायला लागले, ते काही जुन्या आठवणींत रमणारे लोक नाहीत, त्यांना मार्क हवे असतात. तेव्हा बायप्लेन म्हणजे म्हाताऱ्यांची हौस असं समजून आम्हाला कोपऱ्यात बसवू नका.

आता मुद्द्यावर येतो. माझी मुख्य तक्रार कोनांची, म्हणजे पंख किती तिरका बसवायचा त्याची, आहे, बाकीच्या तिच्या मागून येतात.

एकपंखी विमानात पंख स्टॅबच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या) हिशोबात थोडा इकडेतिकडे बसला तर दोन क्लिक ट्रिम (रिमोटवरची बारीक दुरुस्ती) मारून माणूस निभावून नेतो. बायप्लेनमध्ये दोन पंख एकमेकांच्या हवेत उडतात. वरच्याने खाली ढकललेली हवा खालच्याला मिळते, खालच्यामुळे वरच्याची हवा बदलते, आणि कोणाची लिफ्ट (उचल) आधी सुटणार हे दोघांच्या कोनातल्या फरकावर बरंच अवलंबून असतं. वरचा पंख पुढे असलेल्या विमानात वरचा आधी स्टॉल झाला, म्हणजे त्याची लिफ्ट सुटली, तर नाक आपोआप खाली येतं, खालच्याने अजून हवा धरलेली असते आणि विमान सावरतं. उलट झालं, म्हणजे खालचा आधी सुटला, की सीजीच्या (विमानाच्या तोलबिंदूच्या) मागची लिफ्ट जाते, नाक वर उचललं जातं, आणि हे सगळं घडतं नेमकं लँडिंगला येताना, कमी वेगात, जिथे सावरायला उंचीच शिल्लक नसते. एरोबॅटिक मॉडेलमध्ये डिझायनर बहुतेकदा स्टॅब आणि दोन्ही पंख शून्याच्या आसपासच ठेवतो, म्हणजे उलटं उडवताना फार डाउन, म्हणजे स्टिक पुढे, धरून ठेवावा लागत नाही. पण आसपास म्हणजे किती? वरचा अर्धा डिग्री कमी की खालचा अर्धा डिग्री जास्त? की दोन्ही चक्क शून्य? हे डिझायनरला माहीत असतं, त्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि तुमच्या मॅन्युअलमध्ये कुठेही नसतं.

तुमचं म्हणणं मला माहितीये, भोकं आम्ही फॅक्टरीतच पाडून देतो, तुम्ही फक्त स्क्रू लावा, कोन आपोआप बसतो. नाही हो बसत. एकदा टेबलावर बसवून बघा. फ्युजलाज (विमानाचं धड) स्टँडवर ठेवायचं, स्टॅबवर इन्सिडन्स मीटर (पंखाचा कोन मोजणारं साधन) लावून शून्य करायचं, मग तोच मीटर खालच्या पंखावर, मग वरच्यावर, आधी डावीकडे मग उजवीकडे. केबेनच्या (वरच्या पंखाला धडावर उचलून धरणाऱ्या सांगाड्याच्या) पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये दहा सेंटीमीटर अंतर असेल आणि त्यातला एक पाय फक्त एक मिलिमीटर वर बसला तर कोन अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फिरतो. एक मिलिमीटर! वायर वाकवताना, ब्रॅकेट चिकटवताना, प्लायच्या जाडीत, कव्हरिंगचा (वरून चढवलेल्या पातळ आवरणाचा) पदर मध्ये राहिला तरी एक मिलिमीटर कुठेही जातो. आणि वरचा पंख डावीकडे एक वाचन आणि उजवीकडे दुसरंच देत असेल तर तो पिळलेला आहे, मग तुम्ही लूप करा, विमान दर वेळी एका कुशीला निघून जातं आणि बिचारा नवखा माणूस रडर (शेपटीचं उभं सुकाणू) ट्रिम फिरवत बसतो. मीटर आता बऱ्याच जणांकडे असतो. वाचन काय आलं पाहिजे तेवढं कोणाकडे नसतं, कारण ते तुमच्याकडे आहे आणि तुम्ही छापत नाही.

याला लागूनच सीजी. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) अमुक मिलिमीटर. कुठल्या लीडिंग एजपासून? वरच्या की खालच्या? मध्यावर की टोकाला? पिट्ससारख्या (कर्टिस पिट्सच्या छोट्या एरोबॅटिक बायप्लेनसारख्या) विमानात वरचा पंख मागे वळवलेला असतो, त्याची मध्यावरची कड आणि टोकाची कड यात चांगलंच अंतर पडतं. आणि पंख एकमेकांच्या पुढे-मागे सहा सेंटीमीटर असतील तर एका पंखाऐवजी दुसऱ्यापासून मोजल्यावर सीजी सहा सेंटीमीटर सरकला, म्हणजे बावीस सेंटीमीटर रुंद पंखावर पाव रुंदीपेक्षाही जास्त. एवढ्या चुकीने विमान टेलहेवी (शेपटीकडे जड) झालं तर ते पहिल्याच टेकऑफला नाक आभाळाकडे करून उभं राहतं आणि पुढचं सांगायला नको. एक ओळ आणि एक बाण काढलेलं चित्र, एवढंच लागतं हो. पेटीवरच्या रंगीत चित्रावर जेवढी मेहनत घेता त्याचा दहावा हिस्सा.

सीजीवरून आठवलं, नाकातलं वजन. पिट्सच्या धाटणीच्या विमानांचं नाक आखूड, हे सगळ्यांना माहीत. टेल जर सीजीपासून नाकाच्या तिप्पट लांब असेल तर टेलमध्ये वाढलेल्या दहा ग्रॅमला नाकात तीस ग्रॅम शिसं लागतं. तरी तुम्ही टेलमध्ये जड बाल्सा लाकूड घालता, टेलव्हीलचं जाडजूड ब्रॅकेट देता, एलेव्हेटरचे (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीचे) सर्वो (ती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मागे बसवायला सांगता आणि शेवटच्या पानावर लिहिता की गरज पडल्यास नाकात वजन लावा. गरज पडतेच! दर वेळी पडते. हलकं लाकूड निवडून टेलसाठी बाजूला ठेवणं हे काही रॉकेट सायन्स नाही, घरी बांधणारा प्रत्येक जण ते करतो, आधी सगळ्या शीट काट्यावर ठेवून बघतो आणि हलकी शीट शेपटीला देतो.

मग केबेन. वरचा पंख ज्या चार पायांवर उभा असतो ते पाय तुम्ही फ्युजलाजला कशाने जोडता? तीन मिलिमीटरच्या लाइट प्लायमध्ये थेट पिळून घुसवलेल्या लाकडासाठीच्या स्क्रूने. शोरूममध्ये हे मस्त चालतं. फील्डवर हे विमान, आखूड आणि अरुंद लँडिंग गिअरवरचं, दर लँडिंगला थोडं उडी मारतं, आणि वरच्या पंखाचा सगळा झटका त्या चार स्क्रूंवर येतो. काही दिवसांनी वरचा पंख टोकाला धरून हळूच पुढे-मागे हलवून बघा. टिक असा आवाज येतो. स्क्रू काढला की दिसतं, भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय, कडेचा प्लाय चेपून गुळगुळीत चकाकायला लागलाय आणि भोवतीच्या कव्हरिंगवर काळपट कडं पडलंय. त्या लांबट भोकात पंख जेवढा सरकतो तेवढा कोन बदलतो, आणि वर सांगितलंच की एक मिलिमीटरला काय किंमत आहे. म्हणजे मी टेबलावर कितीही नेमका कोन लावला तरी तुमच्या स्क्रूने तो महिन्याभरात खाल्ला. इथे मागच्या बाजूला टी-नट (लाकडात रुतणारा धातूचा नट), आतून ग्लास-इपॉक्सीचा तुकडा, वॉशर आणि थ्रेडलॉक (स्क्रू ढिला न होऊ देणारा गोंद), बस्स. आम्ही सगळे नंतर फ्युजलाज फाडून हेच करतो, ते तुम्ही आधीच केलंत तर फाडावं लागणार नाही.

एलरॉनचं, म्हणजे रोलसाठी पंखाच्या मागच्या हलत्या फळ्यांचं, थोडक्यात सांगतो. चार एलरॉन, पण सर्वो दोनच, खालच्या पंखात, आणि वरचा एलरॉन एका उभ्या पुशरॉडने (काडीने) खालच्याला जोडलेला. पद्धत जुनी आहे, चांगली आहे, वजन वाचतं. पण मग त्या एका सर्वोवर दोन एलरॉनचा भार आहे हे लक्षात ठेवून सर्वो सुचवा ना, तुमच्या यादीत तर एकपंखीचाच सर्वो उचलून लिहिलेला असतो. आणि वरचा हॉर्न आणि खालचा हॉर्न (पुशरॉड अडकवायचा खुंट) हिंजपासून (बिजागरीपासून) सारख्याच अंतरावर बसला पाहिजे, नाहीतर वरचा एक गोष्ट सांगतो आणि खालचा दुसरी. किटमध्ये येणाऱ्या प्लास्टिकच्या क्लेव्हिसमध्ये (पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यामध्ये) जी ढिलाई असते तिचं तर काय सांगू, एलरॉन वेगात फडफडायला लागला की आधी गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि त्यानंतर थ्रॉटल कमी करायला फार वेळ मिळत नाही. बॉल लिंक (गोळ्यावर फिरणारा घट्ट जोड) द्या. जास्तीचे पैसे घ्या, पण द्या.

वायरींबद्दल मात्र मला राग आहे. फ्लाइंग वायर, पंखांच्या मधल्या त्या तिरक्या तारा. तुमच्या मॅन्युअलमध्ये त्यांच्यापुढे लिहिलेलं असतं, ऐच्छिक, शोभेसाठी. ठीक आहे, छोट्या मॉडेलमध्ये पंख स्वतःच पुरेसा कडक असतो, तिथे तारा खरंच शोभेच्या असतील. पण तेच वाक्य तुम्ही मोठ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येही जसंच्या तसं चिकटवता, आणि तिथे पंख पातळ, स्पार (पंखातला कणा) बारीक, मधला जोड लहान. स्नॅप रोल (झटक्यात घेतलेली गिरकी) मारला की पंख केवढा वाकतो ते मागून बघणाऱ्याला दिसतं. त्या तारा तिथे भार घेतात की नाही, एवढं स्पष्ट लिहा. भार घेत असतील तर शोभेचं दोरीवजा इलास्टिक पेटीत टाकू नका. आणि घेत नसतील तर तसं छापा, मी सुखाने काढून ठेवीन, फील्डवर जोडाजोडीची वीस मिनिटं तरी वाचतील.

सुट्या भागांची तऱ्हा तर विचारूच नका. बायप्लेन उलटं पडलं की आधी काय मोडतं? वरचा पंख आणि रडर. हे दोन भाग सुटे विकायला ठेवावेत हे सुचायला फार डोकं लागत नाही. पण मिळतो तो पंखांचा पूर्ण सेट, वरखालचे चारही तुकडे, स्ट्रटसकट, आणि तोही बहुतेक वेळा स्टॉकमध्ये नाही.

आता प्लॅनचं, जिथून हे सगळं सुरू झालं.

बाल्सा महागला, हे तुमचं कारण मी खोटं ठरवत नाही. जगातला बहुतांश बाल्सा इक्वेडोरमधून येतो, २०२० च्या आसपास पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी त्याला एवढी मागणी आली की आपल्यासारख्या मॉडेलवाल्यांना चांगलं लाकूड मिळेना, हे आम्हीपण भोगलंय. बायप्लेनला लाकूड जास्त, रिब (पंखाच्या फासळ्या) दुप्पट, कव्हरिंग दुप्पट, मजुरी जास्त आणि गिऱ्हाईक कमी, हा हिशोब मला कळतो. किट परवडत नाही, कबूल. पण प्लॅन विकायला कुठला बाल्सा लागतो? लेझर कटिंगची फाइल तुमच्याकडे आधीच आहे, ती काही नव्याने काढायची नाही. ज्याला बांधायचंय तो लाकूड शोधेल, कापून घेईल, त्याचं तो बघेल. फाइल कपाटात ठेवून तुमचा काय फायदा होतो ते मला खरंच कळलेलं नाही.

कर्टिस पिट्सने त्याचं पहिलं छोटं बायप्लेन १९४४ च्या सुमारास उडवलं. त्यानंतर त्याने बनवलेलं एक बेटी स्केल्टन या महिला एरोबॅटिक पायलटने १९४८ मध्ये घेतलं, तिने त्यावर १९४९ आणि १९५० अशी दोन वर्षं महिलांची एरोबॅटिक स्पर्धा जिंकली, आणि ते विमान आज अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाच्या उडवार-हेझी सेंटरमध्ये छताला उलटं टांगलेलं आहे. पण ते विमान जगभर पसरलं ते म्युझियममुळे नाही. पिट्सने त्याच्या एस-१सी या विमानाचे प्लॅन लोकांना विकले, लोकांनी ते आपापल्या गॅरेजमध्ये बांधलं, आणि त्याच घराण्यातल्या एस-१एस वर अमेरिकेच्या टीमने १९७२ ची जागतिक स्पर्धा मारली. ज्यात खरा माणूस बसून उलटा उडणार आहे त्या विमानाचे प्लॅन तो विकत होता, आणि तुम्हाला त्याच्या खेळण्याएवढ्या नकलेचा प्लॅन द्यायला भीती वाटते? तुमच्या निम्म्या कॅटलॉगमधली बायप्लेन तर त्याच माणसाच्या विमानावरून काढलेली आहेत, हे तरी विसरू नका.

एक गोष्ट स्पष्ट करतो, फोमच्या विमानांशी माझं भांडण नाही. नवशिक्याने फोमवरच शिकावं, पडलं तरी चिकटवून परत उडवता येतं. काही फोमची बायप्लेनं तर खरंच सुंदर उडतात. पण ज्या मॉडेलमध्ये मोटर एवढी दांडगी टाकलीये की विमान पंखांवर उडतंय की प्रॉपवर लटकलंय हेच कळत नाही, ते बायप्लेन म्हणून विकताना जरा विचार करा. तुमच्या जाहिरातीच्या व्हिडिओत पण बघतो मी, नुसतं हॉवर आणि नुसतं हॉवर. एक सावकाश नाइफ एज (एका कुशीवर आडवं उडणं) दाखवा ना, रडर दिल्यावर विमान रोल किंवा पिच किती मागतं, मिक्स (रिमोटमधली आपोआप भरपाई) किती लागतो ते दिसू दे. किंवा एक पॉवर काढलेलं लँडिंग दाखवा. नाही दाखवणार, कारण बायप्लेनचं थ्रॉटल पूर्ण काढलं की ते पटकन बसतं, थोडी पॉवर ठेवूनच आणावं लागतं, आणि हेही तुमच्या मॅन्युअलमध्ये नाही.

तर मागण्या सरळ आहेत आणि त्यातल्या पहिल्या दोन तर छपाईच्याच आहेत.

प्रत्येक बायप्लेनच्या मॅन्युअलमध्ये स्टॅब, वरचा पंख, खालचा पंख, यांचे कोन डिग्रीत छापा, मोटरचा डाउन आणि राइट थ्रस्टही (मोटर खाली आणि उजवीकडे किती कललेली हवी) छापा, आणि किती फरक चालेल तेही लिहा. सीजी कुठल्या पंखाच्या कुठल्या जागेपासून मोजायचा ते चित्र काढून दाखवा. जुन्या मॉडेलसाठी नवं मॅन्युअल छापायला नको, एक पानाची फाइल चालेल.

केबेनला आणि स्ट्रटला लाकडाचे स्क्रू बंद करा. तारा भार घेतात की नाही ते लिहा. दोन एलरॉनच्या हिशोबाने सर्वो सुचवा. वरचा पंख सुटा विका.

आणि जे किट बंद कराल त्याचा प्लॅन आणि रिबच्या फाइल विक्रीला ठेवा. फुकट मागत नाहीये कोणी. तुम्हाला जबाबदारीची भीती वाटत असेल तर वर ठळक लिहा की बांधणाऱ्याने स्वतःच्या जोखमीवर बांधावं, आम्ही सही करून देऊ, आम्ही तसंही सगळं स्वतःच्याच जोखमीवर करतोय.

हे वाचून तुमच्या डिझाइन विभागातल्या कोणी, कारण तिथे आमच्यासारखेच वेडे बसलेले असतात हे मला माहितीये, फक्त तुमच्या सध्याच्या बायप्लेनचे कोनांचे तीन आकडे जरी जाहीर केले तरी मी ते माझ्या मीटरवर ताडून बघून माझ्या विमानाचं वाचन उघडपणे कळवीन, तुमचं बरोबर निघालं तर तसं आणि माझं विमान वाकडं निघालं तर तेही. ज्या कंपनीने मला फोमचं मॉडेल सुचवलं तिला वेगळं काही म्हणायचं नाही, तिने प्लॅनची किंमत सांगावी, मी घ्यायला तयार आहे.

आपला,
दोन पंखांवाला एक गिऱ्हाईक